पहिल्या शिकारीची तयारी आणि आपली जागल
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. कर्जावरही बोलणार नाही. आज मी अस्वलाच्या आणि हरणाच्या शिकारीवर बोलणार आहे. हसू नका. शेवटी गाडी आपल्याच वावरात आणून सोडतो.

अलीकडे ज्या गावात बैठकीला जावे तिथे एकच प्रश्न येतो. जागलीला जाऊन डोळे लाल झालेला एखादा पोरगा उठतो आणि विचारतो, "भाऊ, अमेरिकेतला शेतकरी म्हणे बंदूक काढतो आणि पिकातले हरीण पाडतो. आम्ही रोह्याच्या मागे काठी घेऊन धावलो तरी फॉरेस्टचा माणूस दारात येतो. तिथे सूट आणि आम्हालाच धाक, असे का?"

या प्रश्नात अर्धे खरे आहे आणि अर्धे खोटे आहे. तिथे शिकार चालते हे खरे. मन मानेल तशी चालते हे खोटे. खरे-खोटे वेगळे केल्याशिवाय मागणी नीट मांडता येत नाही, आणि अर्धवट माहितीवर मांडलेली मागणी सरकार एका कागदात उडवून लावते. म्हणून तिथल्या एका पोराला पहिल्यांदा शिकारीला जायचे असेल तर काय काय करावे लागते, ते क्रमाने सांगतो.

आधी परीक्षा, मग बंदूक

अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. दुधाचे आणि मक्याचे राज्य. थंडीत तिथे गुडघाभर बर्फ असतो. उत्तरेकडे दाट जंगल, दक्षिणेकडे शेती. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे १५ लाखांहून जास्त आहेत आणि काळी अस्वले २० हजारांहून जास्त. हे काळे अस्वल म्हणजे आपल्या मोहाच्या झाडाखाली येणारे अस्वल नव्हे. ही उत्तर अमेरिकेतली वेगळी जात आहे. पण सवय ओळखीची आहे. मका दुधावर आला की ते शेताच्या मधोमध घुसते, बसल्या जागी ताटे मोडून कणसे खाते आणि खाते त्याहून जास्त लोळवते. हुरड्यातल्या ज्वारीत रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी काय दिसते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकारीला जायचे आहे. पहिली पायरी बंदूक नाही. पहिली पायरी शाळा. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तिथे शिकारीचे शिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याशिवाय स्वतंत्रपणे शिकार करता येत नाही. परीक्षा दिली नसेल तर जाणत्या माणसाबरोबर, आणि तेही त्याच्या हाताच्या अंतरात राहूनच जायचे.

त्या वर्गात बंदुकीचे चार नियम घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजून हाताळायची. नळीचे तोंड कधीही माणसाकडे करायचे नाही. काय मारतो आहोत आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री पटल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आणि ती वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवायचे. यातला तिसरा नियम मला सगळ्यात मोठा वाटतो. 'पलीकडे काय आहे?' अंधारात पिकात काहीतरी हलले म्हणून झाडलेली गोळी हलणाऱ्या वस्तूपाशी थांबतेच असे नाही.

मग कपडे. बंदुकीच्या हरीण-हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक केशरी रंगाचे हवेत. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. टोपी घातली तर तीही निम्मी त्याच रंगाची हवी. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. नऊ दिवसांच्या हंगामात पाच लाखांहून जास्त माणसे बंदुका घेऊन रानात असतात. तिथे जनावरापेक्षा माणूस ओळखू येणे महत्त्वाचे.

परवाना, सोडत आणि थांबणे

दुसरी पायरी परवाना. हरणाचा परवाना वेगळा, अस्वलाचा वेगळा. हरणाचा परवाना विकत मिळतो. पण नर किती मारायचे, मादी किती मारायच्या, कोणत्या जिल्ह्यात मारायच्या, हे दरवर्षी ठरते. मादी मारली की पुढची पैदास कमी होते, म्हणून संख्या आटोक्यात ठेवण्याची खरी किल्ली मादीच्या परवान्यात आहे. हा आकडा ठरवताना २०१४ पासून जिल्ह्याजिल्ह्यात सल्लागार समित्या बसतात आणि त्यांत शेतीच्या बाजूने बोलणाऱ्याला जागा असते. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

अस्वलाचे आणखी कडक. राज्याचे विभाग पाडलेले आहेत. कोणत्या विभागात किती अस्वले मारायची तो आकडा आधी ठरतो आणि त्या हिशेबाने परवाने निघतात. अर्ज आदल्या वर्षीच्या १० डिसेंबरच्या आत करायचा. मग सोडत. नंबर लागला नाही तर एक गुण जमा होतो आणि जास्त गुणवाल्याचा नंबर आधी लागतो. काही विभागांत थोडक्या वर्षांत नंबर लागतो, काही विभागांत पोरगा शाळेत असताना अर्ज करायला लागतो आणि मिसरूड फुटल्यावर परवाना हातात येतो. मधे तीन वर्षे ओळीने अर्जच केला नाही तर साठलेले गुण गेले. म्हणजे जिथे सूट आहे असे आपण समजतो तिथे एका अस्वलासाठी माणूस वर्षानुवर्षे रांगेत उभा असतो.

तिसरी पायरी जागा. सरकारी जंगलात जाता येते. उत्तरेत सुमारे १५ लाख एकरांचे राष्ट्रीय जंगल आहे. पण कोणाच्या शेतात पाय टाकायचा तर मालकाची परवानगी हवी. परवाना सरकारचा असला तरी धुरा शेतकऱ्याचा. परवान्याच्या जोरावर कोणी दुसऱ्याच्या वावरात शिरू शकत नाही.

रानात गेल्यावर

आता प्रत्यक्ष तयारी. अस्वलाचा हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला लागतो आणि साधारण पाच आठवडे चालतो. हरणांचा बंदुकीचा मोठा हंगाम नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. नवशिक्या शहाणा असेल तर उन्हाळ्यातच रानात जातो. वाटा कोणत्या, पाणी कुठे, खुरांचे ठसे कुठे, झाडाला कुठे अंग घासले आहे, लेंडी ताजी की वाळलेली, हे तो वहीत लिहून ठेवतो. बंदूक १०० यार्डांवर कागदी निशाण लावून जुळवतो आणि जिथून गोळी जागेवर बसते ते आपले अंतर ओळखतो. त्याच्या पलीकडचे जनावर त्याने सोडून द्यायचे असते.

बसायचे ते वारा पाहून. हरीण आणि अस्वल दोघांचेही नाक तिखट. वारा आपल्याकडून जनावराकडे गेला की दिवस फुकट. बहुतेक लोक झाडावर मचाण बांधून बसतात. तिथे मचाणावरून पडण्याची भीती मोठी, म्हणून अंगाला पूर्ण पट्टा बांधून तो झाडाला अडकवतात. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढतात, हातात धरून चढत नाहीत. आपल्याकडे जागलीच्या माळ्यावरून झोपेत पडून कंबर मोडलेली माणसे या सभेतही बसली असतील. त्यांना पट्ट्याची किंमत कळेल.

अस्वलासाठी विस्कॉन्सिनमध्ये आमिष चालते. पेनसिल्व्हेनिया नावाच्या दुसऱ्या राज्यात तेच आमिष गुन्हा आहे. विस्कॉन्सिनमध्येही माप ठरलेले. एका जागी १० गॅलनच्या वर, म्हणजे सुमारे ३८ लिटरच्या वर, आमिष ठेवायचे नाही. मांस, मासे, हाडे चालत नाहीत. ते पोकळ ओंडक्यात किंवा खड्ड्यात ठेवून लाकडाने-दगडाने असे झाकायचे की हरणाला खाता येऊ नये.

आणि पिल्लू मारायचे नाही. पिल्लांसोबत असलेली मादीही मारायची नाही. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ४२ इंचांपेक्षा कमी ते पिल्लू, अशी कायद्यातली व्याख्या आहे. म्हणून नवशिक्याला सांगतात, अस्वल दिसले की लगेच चाप ओढू नकोस. थांब. मागे झुडपात काही हलते का ते पाहा. झाडावर पाहा. जनावर आडवे उभे राहू दे. पुढच्या पायाच्या मागे, छातीत नेम धर. अस्वलाची लव दाट आणि चरबी जाड असते, म्हणून जखमेतले रक्त बाहेर कमी येते आणि माग हरवतो. चुकीच्या जागी गोळी लागलेले जनावर तडफडत लांब जाते. नेम लागण्याची खात्री नसेल तर गोळी न झाडणे हीच शिकार, असे तिथले जाणते लोक सांगतात.

गोळी लागल्यावरही लगेच धावायचे नाही. अर्धा तास थांबायचे, मग माग काढायचा. जनावर मिळाले की खरे काम सुरू होते. आतडी ताबडतोब काढायची. सप्टेंबरात ऊन असते आणि अस्वलाची कातडी व चरबी उष्णता धरून ठेवते. कातडी लवकर सोलून मांस बर्फात घातले नाही तर ते नासते. अस्वलाच्या मांसात एक बारीक जंत असतो, तो नुसते गोठवून मरेलच याचा भरवसा नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापेल असे शिजवावे लागते. हरणांत मेंदू सडवणारा एक रोग आहे, तो विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. त्या भागातल्या हरणाचा नमुना तपासणीला देऊन निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये, असा सल्ला असतो.

शेवटची पायरी नोंद. जनावर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत त्याची नोंद झाली पाहिजे. अस्वलाचा तर दात काढून द्यायचा. झाडाच्या बुंध्यात जशी वलये असतात तशी दातात असतात, त्यावरून वय कळते. किती मेली, कोणत्या वयाची, नर किती, मादी किती, हे सगळे खात्याच्या वहीत जाते. पुढच्या वर्षीचा आकडा त्या वहीतून निघतो. आणि रानातले हे मांस बाजारात विकायचे नाही. १९०० च्या आधी तिथे धंद्यासाठी बेसुमार शिकार झाली आणि हरणे संपत आली. त्यातून हे नियम आले.

नुकसान कोण भरतो?

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्याचा पैसा कोण देतो?

१९३७ साली अमेरिकेत एक कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामासाठी राज्यांकडे जाऊ लागला. अट अशी की राज्याने शिकार-परवान्यांचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. वळवला तर हा वाटा बंद.

विस्कॉन्सिनने १९८० नंतरच्या दशकात आणखी एक पाऊल टाकले. हरणे, अस्वले, हंस, रानटर्की यांनी पिकाचे नुकसान केले तर शेतकऱ्याला भरपाई. तिचा पैसा येतो शिकाऱ्याच्या परवान्यावरच्या अधिभारातून. ज्याला रानात हरीण हवे, त्याने हरणाच्या चाऱ्याचे पैसे द्यायचे. मला यातला न्याय सरळ दिसतो.

पण ती भरपाई म्हणजे खैरात नव्हे. शेतकऱ्यावरही अटी आहेत. नुकसान दिसल्यापासून ठरलेल्या दिवसांत कळवायचे. माणूस येऊन मोजणी करतो. कुंपण घाला, हुसकावा, असे जे उपाय तो सांगेल ते करायचे. पहिल्या ५०० डॉलरचे नुकसान शेतकऱ्याने सोसायचे. आणि भरपाई हवी तर आपल्या शेतात शिकाऱ्यांना येऊ द्यायचे. हरणांचे नुकसान जास्त असेल तर हंगामाबाहेर मारण्याचा खास परवाना मिळतो. अस्वल फार सतावत असेल तर पिंजरा लावून ते लांब सोडतात.

तिथले सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. तिथलाही शेतकरी भरपाई पुरत नाही म्हणून कुरकुरतो. अस्वलामागे कुत्री सोडावीत की नाही यावर तिथे भांडणे आहेत. १९४३ साली त्याच राज्यात हरणे वाढून हिवाळ्यात उपाशी मरू लागली, तेव्हा मादी मारायला परवानगी दिली म्हणून केवढा गदारोळ झाला. आल्डो लिओपोल्ड नावाचे प्राध्यापक त्या वेळी लोकांच्या शिव्या खात सांगत होते की रान खाऊन टाकणारा कळप रानालाही मारतो आणि स्वतःही मरतो. त्या माणसाला वन्यप्राण्यांचा शत्रू कोणी म्हणू शकत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तो का झाला तेही लक्षात ठेवा. राजेरजवाडे, साहेब आणि चोरटे शिकारी यांनी रान रिकामे केले होते. तो कायदा नसता तर आज आपल्या पोरांना काळवीट चित्रातच दाखवावे लागले असते. त्या कायद्याशी आपले वैर नाही. आपले भांडण हिशेबाशी आहे.

हा कायदा म्हणतो की शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. बरे, मेल्यावर सरकारची. मग जिवंतपणी तो कोणाची ज्वारी खातो? सरकारची मालमत्ता रात्रभर माझ्या वावरात चरते, तुरीचे शेंडे खुडते, सरकीचे कोंब उपटते आणि तिच्या चाऱ्याचे बिल मी भरतो. कोणाचा बैल दुसऱ्याच्या वावरात शिरला तर आपण कोंडवाड्यात घालतो आणि मालक दंड भरून सोडवतो. सरकारच्या बैलाला कोंडवाडा नाही. भरपाई म्हणाल तर अर्ज, फोटो, पंचनामा, रेंज ऑफिसच्या खेटा. मिळेल त्यापेक्षा एसटीचे भाडे जास्त. म्हणून निम्मे लोक अर्जच करत नाहीत. आणि अर्ज नाही म्हणून कागदावर नुकसान नाही. ज्वारी पेरणे सोडून दिलेल्या शेताचा तर पंचनामाही होत नाही. नुकसान किती म्हणून विचारले तर वहीत शून्य.

कायद्यात वाट अजिबातच नाही असे मात्र नाही. कलम ११ प्रमाणे अनुसूची दोनमधला प्राणी उभ्या पिकाला धोका ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर रानडुक्कर आणि रोही या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट आणि आपले अस्वल पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार ठरलेल्या भागापुरते आणि ठरलेल्या मुदतीपुरते एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकते. बिहारमध्ये २०१५ च्या डिसेंबरात रोही आणि रानडुकराबद्दल तसे केले होते.

मग आपणही विस्कॉन्सिनसारखे बंदुका घेऊन निघायचे का? मी म्हणतो, नाही. तिथे दोन घरांमध्ये मैलभर अंतर. आपल्याकडे ज्वारीच्या पलीकडे दुसऱ्याचा जागल्या, त्याच्या पलीकडे गुराखी, त्याच्या पलीकडे गाव. 'पलीकडे काय आहे?' हा प्रश्न आपल्याकडे दसपट मोठा आहे. परवानगी मिळाली तरी चाप शिकलेल्या माणसाच्याच हाती हवा, आणि दिवस, जागा, संख्या ठरलेली हवी.

दुसरे आणखी स्पष्ट सांगतो. कुंपणात लाईनचा करंट सोडू नका. ती तार रानडुक्कर आणि माणूस यात फरक करत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, विझलेल्या बॅटरीसह परत येणारा आपलाच पोरगा तिच्यावर जाऊ शकतो. असा मृत्यू झाला की पीकही जाते, माणूसही जातो आणि उरलेला घरधनी तुरुंगात जातो. त्यानंतर आपल्या मागणीकडे कोणी पाहत नाही. फक्त तारेकडे पाहतात.

तीन कामे

म्हणून तिथून आपण बंदूक उचलायची नाही, वही उचलायची. तीन कामे सांगतो.

पहिले, नोंद. प्रत्येक गावात एक वही. तारीख, गट नंबर, पीक, प्राणी, किती गुंठे गेले, जागलीला किती रात्री गेल्या. जागलीच्या रात्रीची मजुरी लिहा. ती आजवर कोणी धरली नाही, कारण आपणच धरली नाही. नुकसान झाल्याबरोबर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मिळो न मिळो, अर्ज द्या.

दुसरे, जागा. कोणत्या तालुक्यात किती रोही, किती डुकरे, किती कमी करायची, हे ठरेल तिथे शेतकरी बसला पाहिजे. तिथल्या जिल्हा समितीत शेतीचा माणूस बसतो, आपल्या जिल्ह्यात का नको? रान राखायचे म्हणणाऱ्यांनीही बसावे. आकडे समोर ठेवून भांडू.

तिसरे, दाम. प्राणी साऱ्या देशाचे म्हणून राखायचे असतील तर त्यांचा चाराही साऱ्या देशाने द्यावा. शहरातल्या माणसाला जंगलात हरीण दिसावे असे वाटते, चांगली गोष्ट आहे. ते हरीण जगवण्याचे पैसे कोरडवाहू शेतकऱ्याच्या ताटातून काढू नका, एवढेच आपले म्हणणे आहे. भरपाई बाजारभावाने, ठरलेल्या दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याजासकट.

तिथला पोरगा एका अस्वलासाठी कित्येक वर्षे रांगेत थांबतो, कारण त्याला ठाऊक आहे की रांगेला शेवट आहे आणि वहीत त्याचे नाव आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या जागलीला थांबलो आहोत आणि आपले नाव कोणत्याच वहीत नाही. पुढच्या मेळाव्याला प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावे. मग आकडे जुळवू आणि निवेदनाची नाही, हिशेबाची भाषा बोलू.

रात्र झाली आहे. ज्यांना जागलीला जायचे आहे त्यांनी निघावे. बॅटरी नीट बघून घ्या, दोघे-दोघे जा आणि माळ्यावर बसताना कमरेला दोर बांधा.